ख्रिस्तोफर ली यांचा उत्तरार्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर ख्रिस्तोफर ली (२७ मे १९२२ – ७ जून २०१५) यांच्या ड्रॅक्युलाबद्दल आजवर भरपूर लिहून झालं आहे. इथे भर आहे तो त्यानंतरच्या काळावर, त्यातही पंच्याहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी जो धडाका लावला त्यावर. सुरुवातीचे दोन-तीन प्रश्न ज्यांना त्यांचं नाव नवं आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी ते सोडून पुढे गेलं तरी चालेल.

हे नक्की कोण? चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला पांढऱ्या दाढीचा जादूगार सारुमन, ‘स्टार वॉर्स’मधला काउंट डूकू आणि ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’त विली वोंकाला लहानपणी चॉकलेटला हात लावू न देणारा दंतवैद्य बाप, हे तिघेही एकच. त्याआधीच्या पिढीला ते ड्रॅक्युला म्हणून माहीत होते, आणि जेम्स बाँडच्या चाहत्यांना ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मधला (१९७४) खलनायक स्कारामांगा म्हणून. उंची सहा फूट पाच इंच. जन्म लंडनचा, वडील ब्रिटिश लष्करात अधिकारी, आई इटालियन सरदार घराण्यातली. उमेदीच्या काळात ‘फार उंच आहेस, शिवाय परदेशी दिसतोस’ असं सांगून निर्मात्यांनी त्यांना वर्षानुवर्षं किरकोळ कामांवर ठेवलं. पडद्यावर ते १९४८ साली आले आणि नाव व्हायला १९५७-५८ उजाडलं.

ब्रूस लीशी काही नातं?

अजिबात नाही. बाँडचा लेखक इयन फ्लेमिंग यांच्याशी मात्र होतं. ली यांच्या आईचं दुसरं लग्न फ्लेमिंगच्या नात्यात झालं, त्यामुळे दोघे सावत्र नात्याने भाऊ लागायचे. गोल्फही एकत्र खेळायचे.

ड्रॅक्युलाचं काम त्यांनी का सोडलं?

कंटाळले. हॅमर या ब्रिटिश कंपनीसाठी १९५८ ते १९७३ या काळात त्यांनी सात वेळा ड्रॅक्युला केला. पहिला सिनेमा आजही पाहण्यासारखा आहे. नंतरनंतर ड्रॅक्युलाला येऊन डोळे लाल करण्यापलीकडे कामच उरलं नाही. १९६६ च्या ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’मध्ये तर त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. लिहिलेले संवाद इतके टाकाऊ होते की मीच म्हणायला नकार दिला, असं ली सांगत. पटकथालेखक जिमी सँगस्टर म्हणत की मी संवाद लिहिलेच नव्हते. कोण खरं बोलतंय ते तुम्हीच ठरवा. ली यांना खरी खंत होती ती वेगळीच. कादंबरीत जसा आहे तसा ड्रॅक्युला करायची हॅमरने त्यांना कधी संधी दिली नाही.

याच सुमारास, १९७३ मध्ये, ‘द विकर मॅन’ हा भयपट आला. पैसे अपुरे पडत होते म्हणून ली यांनी त्यात एक पैसाही न घेता काम केलं आणि पुढे जन्मभर त्याचं कौतुक सांगितलं.

मग ते अमेरिकेला का गेले?

ब्रिटनमध्ये राहिलो तर कोणी शवपेटीतून बाहेर येऊ देणार नाही, हे दिसत होतं म्हणून. सत्तरच्या दशकाच्या मध्याला ते पत्नी गिट्टे आणि मुलगी क्रिस्टिना यांच्यासह लॉस एंजेलिसला राहायला गेले. तिथे ‘एअरपोर्ट ७७’ केला. १९७८ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं आणि हा भयपटवाला माणूस हसवतोही, हे अमेरिकेला पहिल्यांदा कळलं. पुढच्याच वर्षी स्पिलबर्गच्या ‘१९४१’मध्ये ते जर्मन अधिकारी झाले आणि समोर होते जपानी नट तोशिरो मिफुने. समीक्षकांनी सिनेमा झोडपला, पण ही जोडी एकदा तरी पाहावी. एक संधी त्यांनी हातची घालवली. जॉन कारपेंटरच्या ‘हॅलोवीन’मधल्या डॉक्टर लूमिसच्या भूमिकेला त्यांनी नकार दिला, आणि तो निर्णय पुढे त्यांना आयुष्यभर सलत राहिला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ते लंडनला परतले.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले त्यांचे सिनेमे इतके सुमार का?

कारण समोर आलेलं काम ते घेत. घरी बसलेला नट गंजतो, अशी त्यांची धारणा होती. सिनेमा वाईट निघाला तरी आपण त्यात वाईट दिसायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. म्हणून ‘पोलीस अॅकॅडमी’च्या सातव्या भागातही ते सापडतात.

पण आपण काय करतोय याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. जो डान्टे या दिग्दर्शकाने ‘द हाउलिंग’ नावाचा चांगला भयपट केला होता. त्याच्या टुकार दुसऱ्या भागात ली होते, डान्टे नव्हते. पुढे ‘ग्रेमलिन्स २’साठी (१९९०) दोघांची गाठ पडली तेव्हा ली यांनी आधी त्या सिनेमात काम केल्याबद्दल डान्टेंची माफी मागितली आणि मग कामाला सुरुवात केली.

भारताशी त्यांचा काही संबंध आला का?

आला, आणि तोही एका गमतीशीर नावाने. १९८४ च्या ‘द फार पॅव्हिलियन्स’ या मालिकेत त्यांनी काकाजी राव नावाचा संस्थानी वडीलधारी माणूस केला होता. चित्रीकरण राजस्थानात झालं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गोऱ्या नटांना रंग फासून भारतीय बनवलेलं आहे, त्यामुळे आज पाहताना अवघडल्यासारखं होतं. त्या गर्दीत ली त्यातल्या त्यात भारदस्त वाटतात, एवढंच.

खरा संबंध आहे तो ‘जीना’चा.

ड्रॅक्युला करणाऱ्या माणसाला महंमद अली जीना कसे काय दिले?

हाच प्रश्न १९९७ मध्ये पाकिस्तानातल्या वर्तमानपत्रांनी विचारला आणि फार चढ्या आवाजात विचारला. कायदे-आझमच्या भूमिकेत रक्तपिपासू राक्षस? त्यात शशी कपूर म्हणजे भारतीय नट? आणि सिनेमा लंडनहून येणार? एवढा गदारोळ झाला की सरकारने देऊ केलेले पैसे काढून घेतले. कराचीत चित्रीकरण चालू असताना ली यांना संरक्षण द्यावं लागलं.

दिग्दर्शक जमील देहलवी, पटकथेत अभ्यासक अकबर अहमद यांचा सहभाग. निवडीचं कारण साधं होतं: चेहरेपट्टी. उंच, काटकुळे, गालफडं बसलेली, इंग्रजी कपडे अंगावर चपखल बसणारे. जीनांचे १९४७ चे फोटो आणि मेकअप केलेले ली शेजारी ठेवून पाहा, क्षणभर चकायला होतं.

सिनेमाची रचना चमत्कारिक आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये मरणासन्न जीनांना नेणारी अँब्युलन्स कराचीच्या रस्त्यात बंद पडते, हा इतिहासात खरंच घडलेला प्रसंग. तिथून सिनेमा सरळ परलोकात उडी मारतो. तिथल्या कचेरीत जीनांची फाइल सापडत नाही, कारण कॉम्प्युटर बंद पडलेत. मग शशी कपूर त्यांना हाताला धरून त्यांच्याच आयुष्यात मागे फिरवतात. तरुण जीना रिचर्ड लिंटर्न यांनी केले आहेत आणि म्हातारे जीना त्या तरुणाकडे बाजूला उभं राहून बघतात. ली यांचं सगळं काम या बघण्यात आहे. संवाद तरुणाच्या तोंडी आणि हिशेब म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर.

मराठी प्रेक्षकाला हा सिनेमा पाहताना एक अडचण येणार. आपल्याला मुंबईचे जीना ठाऊक असतात: मलबार हिलवर बंगला बांधणारे, लोकमान्य टिळकांवरच्या १९१६ च्या राजद्रोहाच्या खटल्यात हायकोर्टात उभे राहून जिंकणारे बॅरिस्टर. सिनेमाचा सारा कल पाकिस्तानच्या बाजूचा आहे, माउंटबॅटन आणि नेहरूंना तो सोडत नाही. त्याच्या राजकारणाशी सहमत व्हायची गरज नाही, अनेक जण होणारही नाहीत. पण अभिनय म्हणून पाहिलं तर ली यांनी एवढं मोजून-मापून केलेलं दुसरं काम मला तरी सापडलेलं नाही. त्यांचंही मत तेच होतं. तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं, असं कोणीही विचारलं की सारुमन नाही, ड्रॅक्युला नाही, ते ‘जीना’ म्हणत. आणि हा सिनेमा मोठ्या प्रमाणावर प्रदर्शितच झाला नाही, म्हणून शेवटपर्यंत चिडत.

पंचाहत्तरीनंतर अचानक एवढी मोठी कामं कशी मिळायला लागली?

अचानक नाही. साठच्या दशकात जी मुलं हॅमरचे भयपट पाहून रात्री अंगावर पांघरूण ओढून झोपत, ती नव्वदच्या दशकात दिग्दर्शक झाली होती. जॉर्ज लुकास १९४४ चे, जो डान्टे १९४६ चे, टिम बर्टन १९५८ चे, पीटर जॅक्सन १९६१ चे. हातात पैसा आणि स्टुडिओ आल्यावर प्रत्येकाने लहानपणी आपल्याला घाबरवणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं. लुकासने तर १९७७ मध्येच ली यांचे जिवलग मित्र पीटर कुशिंग यांना पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये घेतलं होतं, पंचवीस वर्षांनी ली यांची पाळी आली.

बर्टनचं प्रेम सर्वांत टिकाऊ. ‘स्लीपी हॉलो’ (१९९९), ‘चार्ली’ आणि ‘कॉर्प्स ब्राइड’ (दोन्ही २००५), ‘अॅलिस इन वंडरलँड’ (२०१०), ‘डार्क शॅडोज’ (२०१२): पाच सिनेमे. यातल्या काहींत ली दोनच मिनिटं दिसतात, काहींत नुसता आवाज. २०१२ च्याच ‘फ्रँकेनवीनी’ या अॅनिमेशनपटात मुलाचे आईवडील टीव्हीवर एक जुना सिनेमा बघत बसलेले असतात. तो १९५८ चा ड्रॅक्युला आहे, आणि त्यात ली.

आता नुसत्या जुन्या ओढीवर काम मिळतं, टिकत नाही. हॅमरचे बाकीचे नट एकेक करून गेले किंवा थकले. ली दरवर्षी काहीतरी करत राहिल्यामुळे सरावात होते. ज्या सुमार सिनेमांची वर चेष्टा केली त्यांचा हा फायदा.

त्यांना खरं तर गँडाल्फ व्हायचं होतं ना?

हो, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला चांगल्या बाजूचा जादूगार गँडाल्फ, खूप वर्षांपासून. टोल्किनची मूळ कादंबरी प्रसिद्ध झाल्यापासून ते भक्त होते, दरवर्षी ती पुन्हा वाचत. ऑक्सफर्डच्या एका पबमध्ये त्यांची खुद्द टोल्किनशी भेट झाली होती. सिनेमातल्या सगळ्या नटसंचात लेखकाला भेटलेले ते एकटेच. पण चित्रीकरणाच्या वेळी ते सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचे होते आणि गँडाल्फला घोडेस्वारी, लढाया, डोंगर. ती भूमिका इयन मॅकेलन यांच्याकडे गेली. सारुमनला मनोऱ्यात उभं राहून बोलायचं असतं, आणि बोलण्यात ली यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुस्तकात सारुमनची खरी ताकद त्याच्या आवाजात आहे. म्हणजे झालं ते बरंच झालं.

सुरा खुपसण्याचा तो किस्सा खरा आहे का?

खरा आहे. डीव्हीडीबरोबरच्या माहितीपटात तो ऐकायला मिळतो. सारुमनचा नोकर ग्रीमा मागून त्याच्या पाठीत सुरा खुपसतो, तेव्हा तू कसा ओरडशील ते ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे दिग्दर्शक जॅक्सन समजावून सांगत होते. ली यांनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, पाठीत सुरा बसल्यावर माणसाचा आवाज कसा येतो याची तुम्हाला कल्पना आहे का? मला आहे. फुप्फुसातली हवा निघून जाते, किंकाळी फुटत नाही. जॅक्सननी पुढे काही विचारलं नाही.

म्हणजे ते दुसऱ्या महायुद्धात हेर किंवा कमांडो होते?

इथे जरा सांभाळून. ते ब्रिटिश हवाई दलात होते हे नक्की. डोळ्याच्या नसेच्या दोषामुळे वैमानिक होता आलं नाही, म्हणून ते गुप्तवार्ता विभागात गेले आणि उत्तर आफ्रिका व इटलीच्या मोहिमांत काम केलं. त्यापुढच्या, विशेष पथकांत छापे घातल्याच्या कथांना कागदोपत्री आधार सापडलेला नाही आणि युद्ध-इतिहासकारांनी त्याबद्दल उघड शंका घेतल्या आहेत. ली स्वतः स्पष्ट काहीच बोलत नसत, सूचक गप्प बसत. ते गप्प बसणंही एका कसलेल्या नटाचं होतं, हे लक्षात ठेवून या कथा ऐकाव्यात.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या भागात, ‘रिटर्न ऑफ द किंग’मध्ये, सारुमन का दिसत नाही?

त्याचा सात-एक मिनिटांचा शेवट कापला म्हणून. हा प्रसंग मुळात दुसऱ्या भागासाठी चित्रित झाला होता, तिथे बसला नाही म्हणून तिसऱ्यात ढकलला. तिसऱ्याच्या सुरुवातीला तो मागची उसनवारी फेडल्यासारखा वाटतोय, असं जॅक्सनना वाटलं आणि कात्री लागली. ली भयंकर दुखावले. डिसेंबर २००३ च्या प्रीमियरला ते गेले नाहीत आणि नाराजी लपवलीही नाही. २००४ च्या लांब आवृत्तीत प्रसंग परत आला, दोघांचं मिटलं.

माझं मत विचाराल तर चूक जॅक्सन यांची. दोन सिनेमे ज्याची दहशत वाढवत नेली तो खलनायक ‘मनोऱ्यात बंद आहे’ एवढ्या एका वाक्यावर संपतो, हे पटत नाही. लांब आवृत्तीच पाहा.

‘स्टार वॉर्स’मध्ये ती तलवारबाजी ऐंशीव्या वर्षी स्वतः केली?

जवळून घेतलेल्या दृश्यांत तेच आहेत. उड्या, गिरक्या आणि पायांची वेगवान हालचाल स्टंटमनची, त्यावर ली यांचा चेहरा संगणकाने बसवलेला. तलवारबाजी मात्र त्यांना जन्मभराची ठाऊक होती, ती मनगटाच्या हालचालीत दिसते. डूकू तलवार धरतो तसा त्या सिनेमात दुसरा कोणीच धरत नाही. भूमिका म्हणून डूकू अर्धाकच्चा आहे. ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये (२००५) तर सुरुवातीलाच त्याचा निकाल लागतो. ली यांनी कागदावर नसलेला खानदानीपणा नुसत्या उभं राहण्यातून आणला.

त्यांनी नव्वदीत हेवी मेटल गायलं, हे थट्टेत म्हणतात ना?

थट्टा नाही. आणि हे वेडही म्हातारपणीचं नाही. त्यांना तरुणपणी ऑपेरा गायक व्हायचं होतं. आईकडून पणजी मारी कारांदिनी ऑस्ट्रेलियात गाजलेली ऑपेरा गायिका होती. गाणं राहून गेलं, सिनेमा पदरात पडला.

२००४ मध्ये ‘रॅप्सडी’ या इटालियन मेटल बँडने त्यांना निवेदनासाठी बोलावलं. खर्जातला तो आवाज विजेच्या गिटारींवर असा बसला की मग थांबणं नाही. २०१० मध्ये सम्राट शार्लमेनवर आख्खा अल्बम आला. आईच्या घराण्याचा वंश शार्लमेनपर्यंत जातो असं ते अभिमानाने सांगत, म्हणजे हे एका अर्थी घरचंच कार्य. त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ मासिकाचा पुरस्कार मिळाला, तो ब्लॅक सॅबथ या बँडच्या टोनी आयोमी यांच्या हस्ते. शार्लमेनचा दुसरा अल्बम २७ मे २०१३ ला, म्हणजे त्यांच्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी निघाला. त्याची मांडणी जुडास प्रीस्ट या बँडच्या रिची फॉकनर यांची.

त्याच डिसेंबरात ‘जिंगल बेल्स’चं त्यांचं खट्याळ रूप ‘जिंगल हेल’ बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाच्या एका यादीत बाविसाव्या आणि नंतर अठराव्या क्रमांकावर पोचलं. ही यादी सिंगल्सच्या विक्रीची, मुख्य ‘हॉट १००’ नव्हे. समाजमाध्यमांवर हा फरक नेहमी गाळला जातो. तरी बिलबोर्डच्या यादीत येणारे सर्वांत वयस्कर हयात कलाकार ते ठरले, हे खरंच.

गाणी चांगली आहेत का? पहिला अल्बम ऐकताना दमायला होतं. दुसरा बरा.

‘हॉबिट’साठी ते पुन्हा न्यूझीलंडला गेले?

नाही. त्या वयात एवढा विमानप्रवास झेपणारा नव्हता, म्हणून जॅक्सन यांनी त्यांचे प्रसंग लंडनमध्ये चित्रित करून बाकीच्यांशी जुळवून घेतले. ‘द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’ (२०१४) प्रदर्शित झाला तेव्हा ली ब्याण्णवचे होते.

ऑस्कर मिळालं का?

नामांकनही नाही. भयपट आणि कल्पनारम्य सिनेमे करणाऱ्यांकडे अकादमीने फारसं वळून पाहिलेलं नाही. मायदेशाने मात्र उशिरा का होईना, कसर भरून काढली. २००१ मध्ये सीबीई हा ब्रिटिश सन्मान, २००९ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, नाइटहूड. २०११ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीची फेलोशिप टिम बर्टन यांच्या हातून, २०१३ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची जॉनी डेपच्या हातून.

शेवटपर्यंत काम करत होते का? आणि निधनाची बातमी उशिरा का आली?

काम चालूच होतं. २०११ मध्ये नव्याने सुरू झालेल्या हॅमरच्या ‘द रेझिडंट’मध्येही ते दिसले, त्याच वर्षी स्कॉर्सेसेच्या ‘ह्यूगो’त. हृदय आणि श्वसनाच्या त्रासामुळे लंडनच्या चेल्सी अँड वेस्टमिन्स्टर रुग्णालयात ७ जून २०१५ ला त्यांचं निधन झालं. बातमी बाहेर आली ११ तारखेला. आधी सगळ्या कुटुंबीयांना कळवायचं आणि मगच जगाला, असं गिट्टे ली यांनी ठरवलं होतं. चोपन्न वर्षांचा संसार होता, तेवढा हक्क त्यांचा होताच.

त्यांचा उत्तरार्ध पाहायला सुरुवात कुठून करू?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ बहुतेकांनी पाहिलेला असतो, नसेल तर लांब आवृत्ती घ्या. मग ‘जीना’, मिळेल तिथून. मुलांबरोबर बसणार असाल तर ‘ह्यूगो’: त्यात ते स्टेशनातल्या पुस्तकाच्या दुकानाचे मालक आहेत, भूमिका छोटी पण एकदम मायाळू, आणि ली कोणालाही न घाबरवता पडदा भरून टाकतात. आवाजासाठी ‘द लास्ट युनिकॉर्न’ (१९८२) जरूर पाहा. त्यात राजा हॅगार्डला त्यांनी इंग्रजीत आवाज दिला आणि जर्मन आवृत्तीतही स्वतःच. सलग पाहायला वेळ नसेल तर ‘स्लीपी हॉलो’ लावा. ते सुरुवातीच्याच प्रसंगात न्यायाधीशाच्या खुर्चीवर आहेत, जॉनी डेपला दम देतात आणि सिनेमातून निघून जातात. ‘हाउलिंग’चा दुसरा भाग नाही पाहिला तरी काही बिघडत नाही.